पाऊस सुरगाण्यात, पैसा निफाडात: शेजारचा तालुका पुढे का जातो?

सुरगाणा तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलं आहे. तो नाशिकला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्याकडे निफाडच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो, तरी निफाड-दिंडोरी पुढे आणि आम्ही मागे, असं का? रूमवरची मुलं म्हणतात, तुमची माणसं आळशी. आणि आमच्या नार-पार नद्यांचं पाणी वळवलं की चित्र पालटेल का?"

मी उभी नोकरी शेतीकर्जाच्या खात्यात काढली, त्यातली बरीचशी याच जिल्ह्यात. त्यामुळे माझं उत्तर कर्जाच्या बाजूला झुकणार, हे धरून वाचा.

आळशीपणाचं आधी मिटवून टाकू. ऑक्टोबरमध्ये निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या गोडी बहाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची, छाटणी निघते. त्यानंतर पेस्टिंग (काडीचे डोळे फुटावेत म्हणून औषध लावणं), फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), शेवटी तोडणी. ही कामं कोण करतं? पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून आलेल्या टोळ्या, एकरी उक्त्या दरानं. गिरणारेच्या मजूर नाक्यावर सकाळी जाऊन उभे राहा, म्हणजे तुमच्या रूमवरच्या मुलांच्या मुद्द्याचं काय होतं ते दिसेल. घडात मणी किती ठेवायचे, कुठला काढायचा, हे हाताला कळणारं कसबी काम आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाचा दर्जा ज्या बोटांवर ठरतो, ती बोटं तुमच्या तालुक्यातली आहेत. माणूस तोच, जागा बदलली की त्याच्या श्रमाचं मोल बदलतं. म्हणून उत्तर माणसात शोधू नका, जागेत शोधा.

आता पाऊस. पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नाशिक जिल्ह्याइतका याचा स्पष्ट दाखला महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सुरगाणा-पेठचा बराचसा भाग सह्याद्रीच्या धारेच्या पश्चिमेला. तीव्र उतार, वर पातळ माती, खाली बेसॉल्टचा काळा पाषाण. चार महिन्यांत कोसळलेलं पाणी नार, पार, दमणगंगेच्या खोऱ्यांतून गुजरातकडे आणि तिथून समुद्राला जातं. खडकात मुरायला जागा थोडी, त्यामुळे होळीच्या आसपास विहिरी तळाला जातात आणि बायका हंडे घेऊन झिऱ्यावर बसतात. निफाडला पाऊस कमी, पण निफाड इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसावर जगतं. दारणा धरण 1916 मधलं. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि गोदावरीचे दोन्ही कालवे त्याच काळातले. हे सगळं इंग्रजांनी दुष्काळ निवारणासाठी बांधलं, निफाडचं भलं करायला नव्हे. पण कालवा निफाड तालुक्यातून गेला. मग गंगापूर धरण आलं, करंजवण, पालखेड, वाघाड आलं. म्हणजे निफाडच्या शेतकऱ्याला बारमाही पाण्याची शंभर वर्षांची आघाडी मिळाली. उसाला आणि बागायतीला पैसा लागतो म्हणून सोसायट्या उभ्या राहिल्या. हातात पैसा खेळू लागला तशा शाळा निघाल्या. मराठा विद्या प्रसारक समाज 1914 चा. शिकलेल्या पोरांनी पुढे द्राक्ष हाती घेतलं, भोकरी, अनाबेशाही, मग थॉमसन. एकातून दुसरं निघत गेलं.

तुमचा सुरगाणा या सगळ्या काळात संस्थान होता, 1948 पर्यंत. तिथं कालवा काढायचं कुणाला कारण नव्हतं, आणि काढता येईल अशी जमीनही नव्हती.

पाणी जवळ असूनही उपयोग नाही, असं होऊ शकतं का? इगतपुरी बघा. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस, दारणा, मुकणे, भावली, भाम अशी धरणांची रांग, आणि ऊर्ध्व वैतरणाचं पाणी मुंबईला. जमिनी तिथल्या बुडाल्या, पाणी खाली गेलं. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण त्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. इंद्रायणी तांदूळ पिकतो, घोटीला गिरण्या आहेत, पण भात निघाल्यावर शिवार बरंचसं मोकळंच. पाणी कुठं पडलं यापेक्षा ते कुठल्या हक्कानं आणि कुठल्या उंचीवर अडवलं, यावर कमाई ठरते.

आता माझ्या खात्याकडे येतो. दोन शेतकरी धरा, दोघांकडे तीन-तीन एकर. एक निफाडचा, कालव्याच्या लाभक्षेत्रातला, सातबाऱ्यावर त्याचं नाव. दुसरा सुरगाण्याचा, बापजाद्यांपासून वनजमीन कसणारा. पहिला बँकेत येतो. पीककर्जाचा दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पिकानुसार ठरवते. द्राक्षाचा हेक्टरी दर लाखांत, नागलीचा काही हजारांत. म्हणजे जमीन सारखी असली तरी पहिल्याला मिळणारी रक्कम कितीतरी पट. त्यातून तो खत-औषध घेतो, वर मध्यम मुदतीचं कर्ज काढून ठिबक टाकतो, मांडव उभा करतो. दुसऱ्याचं गाडं सातबाऱ्यापाशीच अडतं. 2006 चा वनहक्क कायदा आला, 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनच्या ताब्याला चार हेक्टरपर्यंत मान्यता मिळायची सोय झाली. पण दावा मंजूर व्हायला वर्षं गेली, आणि ज्यांचे मंजूर झाले त्यांना अनेकदा कसतात त्यापेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या त्या लांबच लांब मोर्चात तुमच्या भागातली माणसं मोठ्या संख्येनं होती, ती मुख्यत्वे याच मागणीसाठी. शहरातल्या लोकांना तो जमिनीच्या तुकड्याचा प्रश्न वाटला. मला तो कर्जाच्या दाराचा प्रश्न वाटला, कारण ज्याचं नाव कागदावर नाही त्याला बँक ओळखत नाही.

बरं, पट्टा हाती आला. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. स्वतःच्या मालकीची जमीन असली तरी जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ मुळे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. बँकेला तारण घेता येतं, पण कर्ज थकलं तर लिलावात बोली लावणार कोण? त्याच गावातला दुसरा आदिवासी शेतकरी, ज्याच्याकडे पैसे नाहीत. शाखाधिकाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून फाईल टेबलावर रेंगाळते. कुणी उघड नकार देत नाही. आणखी एक कागद आणा, एवढंच सांगतात.

इथे काही जण टाळ्या वाजवत म्हणतील, मग ते कलम काढून टाका. मी त्याच्या साफ विरोधात आहे. ते कलम नसतं तर रस्त्यालगतची जमीन एव्हाना फार्महाऊसवाल्यांच्या नावावर गेली असती. नाशिकभोवतीच्या डोंगरउतारांकडे एकदा नजर टाका. संरक्षण ठेवायचं, आणि तारणाऐवजी दुसऱ्या आधारावर कर्ज द्यायचं, ही वाट आहे. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्याआधी ही मर्यादा 1 लाख 60 हजार होती. पीककर्जापुरतं यानं भागतं. विहीर, पाइपलाइन, फळबाग असं उत्पन्नाची पातळीच बदलणारं काही करायचं तर ते पुरत नाही.

याच्या जोडीला एक गोष्ट आहे जिची चर्चा फारशी होत नाही. डोंगरी तालुक्यातल्या बँकेत ठेवी नसतात असं समजू नका. शिक्षकांचे, ग्रामसेवकांचे, वनखात्याचे पगार तिथं जमा होतात, मजुरीवरून आलेल्या बायका बचत गटात पैसे टाकतात. कर्ज मात्र तिथं उठत नाही. तो पैसा बँकेच्या आतल्या आत वर जातो आणि नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटला नाहीतर पिंपळगावच्या शीतगृहाला लागतो. यात कुणाचं कारस्थान नाही. बँक जिथे परतफेड दिसते तिथे देते. पण परिणाम असा की सुरगाण्याचं पाणी, सुरगाण्याचा मजूर आणि सुरगाण्याची बचत, तिन्ही उताराला लागतात.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर इथं आहे. मागे पडलेला प्रदेश शेजाऱ्यापासून तुटलेला असतो असं आपण मानतो. उलट तो शेजाऱ्याला घट्ट जोडलेला असतो, फक्त देणारा म्हणून. दिवाळीनंतर तरणी माणसं खाली जातात, शिमग्याला घरी येतात, भाताचा राब भाजायला आणि पेरणीला वर थांबतात. ज्या महिन्यांत घरच्या शेताला बांध घालायचा, बंधारा दुरुस्त करायचा, रब्बीचा विचार करायचा, नेमके तेच महिने दुसऱ्याच्या बागेत जातात. मुलं सोबत गेली तर शाळाही जाते. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी 1957 मध्ये हेच मांडलं होतं: वाढणारं केंद्र आजूबाजूला थोडं काही पसरवतं आणि बरंच काही ओढून घेतं, आणि मोकळं सोडलं तर ओढणं पसरण्यावर मात करतं. परीक्षेत मिर्डाल लिहा, पण उदाहरण गिरणारेच्या नाक्याचं द्या. पुस्तकातली दुसरी बाजूही माहीत असू द्या. बॅरो आणि साला-इ-मार्टिन या अर्थशास्त्रज्ञांनी मागचे प्रदेश पुढच्यांना वर्षाला साधारण 2 टक्के वेगानं गाठतात असं दाखवलं. त्या वेगानंही अंतर निम्मं व्हायला पस्तीस वर्षं लागतात, आणि तेसुद्धा माणूस, भांडवल, शिक्षण मोकळेपणी दोन्ही दिशांना फिरत असेल तर. आपल्याकडे ते एकाच दिशेनं फिरतं.

निफाड-दिंडोरीला अजून एक बळ आहे, ते गर्दीचं. एकाच कामातली माणसं एका ठिकाणी जमली की प्रत्येकाचं काम स्वस्त होतं. कलमं, औषधं, पेटी बनवणारा, प्रीकूलिंग (माल पाठवण्याआधी थंड करणं), प्रयोगशाळा, निर्यातदार, सगळं तासाभराच्या अंतरावर. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली. बागायतदारांचं जबर नुकसान झालं. पण पुढच्या हंगामापर्यंत काय फवारायचं नाही हे गावोगाव पोहोचलं होतं, तपासण्या कडक झाल्या, माल पुन्हा युरोपात जाऊ लागला. एकटादुकटा शेतकरी असल्या फटक्यानं बागच तोडतो. सुरगाण्यात बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरी चांगली येते, सापुताऱ्याच्या रस्त्यावर पोरं पनेटं (फळांचे छोटे डबे) घेऊन उभी असतात. फळ उत्तम. पण रोपं बाहेरून आणायची, शीतगृह जवळ नाही, ढगाळ हवा आली की सल्ला देणारा नाही. पीक सापडलं आहे, त्याच्याभोवतीची गर्दी अजून जमलेली नाही.

रस्ता झाला, रेल्वे आली की प्रदेश सुधारतो, असं सरसकट बोललं जातं. ते पूर्ण खरं नाही. मनमाड केवढं मोठं जंक्शन, पण नांदगाव तालुका अजून टंचाईच्या यादीत. लासलगावला मात्र रेल्वे फळली, कारण तिथं गाडीत भरायला कांदा होता आणि 1947 पासून बाजार समिती होती. मालेगाव त्याहून बोलकं उदाहरण. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी वसवलेला धंदा, आज लाखांनी यंत्रमाग, महामार्ग दारात, राबणूक बारा-बारा तासांची. तरी पैसा नाही. कारण बहुतेक माग साधे, काम मजुरीवर, सूत व्यापाऱ्याचं, आणि निघालेलं कोरं कापड रंगाई-छपाईला बालोत्रा, पाली, भिवंडीकडे जातं. किमतीतला मोठा वाटा जिथं शेवटचा हात फिरतो तिथं राहतो. उद्योग आहे आणि वाढ नाही, हे कोडं तिथं सुटतं.

सिन्नरचं थोडक्यात सांगतो. पाऊस तुटपुंजा, शेतीवर काही भागेल अशी आशा नाही, पूर्वी विड्या वळण्यावर घरं चालायची. पण पुणे रस्ता, नाशिकची जवळीक, सहकारी औद्योगिक वसाहत आणि मग एमआयडीसी. निसर्गानं हात आखडला तरी वाट निघते, इतकाच त्याचा अर्थ. सुरगाण्याला ती जशीच्या तशी लागू नाही. डोंगर सपाट होत नाहीत.

सगळ्यात उपयोगी तुलना मात्र तुमच्याच सीमेवर आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुरगाण्यातल्या काही गावांनी, पंचावन्न गावांचा आकडा तेव्हा बातम्यांत होता, आम्हाला गुजरातेत टाका अशी मागणी केली. राजकीय धुरळा बराच उडाला. धुरळ्याखाली एक साधी गोष्ट होती. पलीकडचे वांसदा, धरमपूर हे तालुके तुमच्यासारखेच: तोच पाऊस, तसाच उतार, तोच कोकणा आणि वारली समाज, नातीगोतीही दोन्हीकडे. तरी अलीकडचे लोक म्हणत होते की तिकडचे रस्ते, वीज, दवाखाने बरे. हवामान आणि समाज सारखे असताना फरक पडत असेल, तर तो केलेल्या कामाचा.

वांसद्याचं एक काम मला नीट माहीत आहे. बायफ या ग्रामविकासात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेनं 1982 मध्ये तिथं वाडी कार्यक्रम सुरू केला. एकेका आदिवासी कुटुंबाच्या एखाद्या एकरात आंबा-काजूची कलमं, कडेला कुंपणाची झाडं, मध्ये भात-नागली चालूच, आणि पहिली काही वर्षं झाडं जगवायला मदत. पुढे काजू फोडणं, लोणची, मालाची विक्री यासाठी सहकारी संस्था. नंतर नाबार्डनं आदिवासी विकास निधीतून हाच नमुना देशभर नेला. त्यात जादू काही नव्हती. कुटुंबाला दिवाळीनंतर घरी थांबायचं कारण मिळालं, आणि फळावरचा शेवटचा हात गावातच राहिला. पेठ-सुरगाण्यातही वाड्या झाल्या, रोजगार हमीतून 1990 पासून फळबागा लागल्या, काही ठिकाणी केशर आंबा छान धरतो. जिथे पहिल्या तीन उन्हाळ्यांत झाडाला पाणी घालायची सोय होती तिथे बाग उभी राहिली. बाकी ठिकाणी फक्त खड्डे राहिले.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी, परीक्षेसाठीही आणि पुढे अधिकारी झालात तर त्यासाठीही. महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोल म्हटलं की दांडेकर समिती आठवते: 1983 मध्ये नेमली, 1984 मध्ये अहवाल, एकूण अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, 3,186 कोटी रुपयांच्या घरात. तो हिशेब जिल्हा धरून केलेला. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यात नाशिक "उर्वरित महाराष्ट्रा"त. आता 15 तालुक्यांच्या नाशिक जिल्ह्याची सरासरी काढा: एचएएलचा विमान कारखाना, नोटप्रेस, सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्ष, कांदा हे सगळं मिळवून जिल्हा पुढारलेला दिसतो, आणि पेठ-सुरगाणा त्या सरासरीत दिसेनासे होतात. मानव विकास कार्यक्रमात तालुका हे एकक धरलं ते योग्यच झालं. शाळकरी मुलींच्या निळ्या एसटी त्यातूनच आल्या. पण तालुकाही कधी फसवतो. दिंडोरीचा मोहाडीकडचा पूर्व भाग आणि ननाशीकडचा पश्चिम भाग एकाच तहसीलदाराच्या हाताखाली आहेत, आणि दोघांत एका पिढीचं अंतर आहे.

आणि मागे पडलेला प्रदेश व मागे पडलेली माणसं यांची गल्लत करू नका. तुमच्याकडून वापी-सिल्वासाला गेलेली, नोकरीत लागलेली मुलं व्यक्ती म्हणून पुढे जातात. त्यांनी जाऊ नये असं सांगायचा मला अधिकार नाही. फक्त त्यांच्या पगारानं तालुक्याचा आकडा हलत नाही.

राहिलं नार-पार. नार-पार-गिरणा नदीजोडला राज्य सरकारनं 2024 मध्ये मान्यता दिली, खर्च सुमारे 7 हजार कोटी. तुमच्या भागात छोटी धरणं, तिथून पाणी उपसून बोगद्यातून चणकापूरच्या वर गिरणा खोऱ्यात सोडायचं, लाभ नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या जवळपास 50 हजार हेक्टरला. कळवण, देवळा, मालेगाव आणि खालच्या खानदेशाला त्याची खरंच गरज आहे, मी योजनेच्या विरोधात नाही. पण सुरगाण्याचं चित्र यानं आपोआप पालटेल असं धरू नका. दारणेनं इगतपुरीचं पालटलं नाही.

योजनेचा कागद हाती आला की लाभक्षेत्राचा तक्ता आधी काढा आणि त्यात सुरगाणा-पेठचे हेक्टर किती ते पाहा. धरणाच्या फुगवट्यातून वरच्या गावांना उपसा करायची परवानगी आहे का, त्या पंपांची वीज कोण भरणार, हे विचारा. बुडणाऱ्या जमिनीत वनपट्ट्याची जमीन मोजली आहे का आणि तिचा मोबदला कुणाच्या नावे निघणार, हेही विचारा. पाण्याचा हक्क पाणीवापर संस्थेच्या नावे लेखी असेल तर तो टिकतो. वाघाडच्या शेतकऱ्यांनी हे करून दाखवलं आहे: ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदीच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. ओझर तुमच्या खोलीपासून तासाभराच्या आत आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या संस्थांचं काम पाहून या, आणि पाण्याच्या पाळीचा हिशेब ते कसा ठेवतात ते विचारा.